आजऱ्याचे व्याकरण आणि रकान्यांचा गुणाकार

शके 1127, म्हणजे इसवी सन 1205 च्या सुमारास, सोमदेव नावाच्या जैन पंडिताने ‘शब्दार्णवचंद्रिका’ ही व्याकरणावरची टीका लिहिली. लेखनाचे ठिकाण आजुरिका गावातले त्रिभुवनतिलक जिनालय. हे मंदिर शिलाहार राजा गंडरादित्याने बांधवले होते आणि सोमदेवाच्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर दुसरा भोज होता. ही आजुरिका म्हणजे आजचे आजरे, असे अभ्यासक मानतात. या जुन्या व्याकरणाचे नाते आजच्या एका कामाशी आहे. माहितीचे चार रकाने घेऊन एकातली प्रत्येक नोंद दुसऱ्यातल्या प्रत्येक नोंदीशी जोडणारा प्रोग्राम आज कोणीही लिहितो, आणि हे संगणकाने आणलेले काम आहे असे आपण धरून चालतो. ते तसे नाही. शिवाय त्यातले खरे कठीण काम जोड्या पाडणे हे नसून नको त्या जोड्या नियमाने अडवणे हे आहे, आणि ते गणित्यांपेक्षा वैयाकरणांनी अधिक बारकाईने केले.

आधी गणित्यांची बाजू. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त सहा रसांचे मिश्रण किती प्रकारे होते हा प्रश्न आहे, उत्तर 63. पुढच्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे सर्व क्रम मांडण्याची रीत दिली. ते 5040 भरतात. अमुक क्रमांकाचा स्वरक्रम कोणता आणि अमुक स्वरक्रमाचा क्रमांक कितवा, हे सगळी यादी न लिहिता काढण्यासाठी त्याने खंडमेरू नावाचा तक्ता सांगितला. हा माणूस दरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता, हे कळले की या चोखपणाचे फारसे नवल वाटत नाही. पण इथे सातही स्वर सारख्या मानाचे. कोणताही स्वर कोणत्याही जागी बसला तरी हिशेब मोडत नाही.

शब्दांचे तसे नसते. संस्कृतात सात विभक्ती आणि तीन वचने यांचा गुणाकार 21. नामाचे प्रत्ययही तितकेच. मात्र ‘द्वि’ या शब्दाला द्विवचनाची सातच घरे मिळतात, आणि पाणी या अर्थाचा ‘अप्’ नेहमी बहुवचनातच राहतो. क्रियापदाच्या तक्त्यात तीन पुरुष, तीन वचने आणि परस्मैपद व आत्मनेपद ही दोन पदे मिळून 18 प्रत्यय. निव्वळ आत्मनेपदी धातूला त्यातले नऊ कर्तरी प्रयोगात कायमचे बंद. सोमदेव ज्या जैनेंद्र परंपरेतला, तिने सूत्रे आखूड करण्याचा इतका ध्यास घेतला की सातही विभक्तींची नावे ‘विभक्ती’ याच शब्दातल्या वर्णांपासून घडवली. व्यंजनाला ‘आ’ लावायचा, स्वराला ‘प्’. म्हणून वा, इप्, भा, अप्, का, ता, ईप्. इथे नावेसुद्धा पाठ करायची नाहीत, नियमाने काढायची.

यावर कोणी म्हणेल की आजऱ्याचा ग्रंथ ही टीका आहे, मूळ जैनेंद्र व्याकरण पूज्यपादांचे. बरोबर, पण कोणता नियम कुठे लागू होतो आणि कुठे थांबतो याची फोड टीकाकारच करतो, आणि आपला प्रश्न त्याच जागेचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्याकरण बोललेल्या भाषेचे वर्णन करते, नवे काही निर्माण करत नाही. उगम पाहिला तर हे मान्य करावे लागते. नियम एकदा बांधला की मात्र तो कोणीही न उच्चारलेले रूपही तितक्याच बिनचूकपणे देतो, आणि अपवाद ठरलेल्या जागी त्याला रोखतो. वर्णन म्हणून सुरू झालेले शास्त्र वापरात यंत्रासारखे चालते.

आजच्या नोंदी स्वरांसारख्या कमी आणि शब्दांसारख्या जास्त असतात. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आजरा घनसाळ हा पावसाळी भात. गाव, पीक आणि हंगाम या तीन रकान्यांचा सरसकट गुणाकार केला तर घनसाळ रब्बीतही उगवेल आणि उन्हाळ्यातही, म्हणजे प्रत्येक गावामागे दोन ओळी निव्वळ खोट्या. बरेच जण आधी सगळ्या ओळी पाडतात आणि मग नको त्या पुसत बसतात. रकाने तीनच असले तर खपून जाते. दहा झाले की पुसायच्या ओळी ठेवायच्या ओळींच्या कितीतरी पट होतात. त्यापेक्षा पिकाची नोंद हातात येताच, हंगामाची फेरी सुरू होण्याआधी, त्याला चालणारे हंगाम तपासावेत. वैयाकरण आधी धातूचे पद ठरवतो आणि मगच प्रत्ययाला हात घालतो, तोच हा क्रम.