'जनरस' शब्दाचे कूळ

'तो फार जनरस माणूस आहे' असे आपण सहज बोलून जातो. सढळ हाताने देणारा, एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. पण या इंग्रजी विशेषणाचा मूळ अर्थ देण्याघेण्याचा नव्हे. लॅटिनमध्ये 'गेनुस' म्हणजे कूळ, वंश. आपल्या 'जन्' धातूचेच हे भावंड. त्यावरून 'गेनेरोसुस' म्हणजे कुलीन, आणि इंग्रजीतही हा शब्द आधी त्याच अर्थाने रुळला.

१६०८ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड आपले मन औरस मुलाइतकेच 'जनरस' आहे असे बजावतो. तिथे प्रश्न पैशाचा नाही, जन्माचा आहे. पुढे कुलीनाला शोभणारा मनाचा मोठेपणा आणि त्यातून दातृत्व, असा अर्थ सरकत गेला. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही आधी कूळ येते, दातृत्व मागाहून. आज कूळ गळून पडले, देणे तेवढे उरले.

आपल्याला यात नवल वाटू नये. भर सभेत सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या कर्णालाच तर आपण दानशूर म्हणत आलो आहोत.