परवलीच्या शब्दापासून टोकनपर्यंत : वेब सेवांमधील ओळख-पडताळणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

बँकेतील शिल्लक पाहणे, रेल्वेचे तिकीट काढणे, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरणे अशा कामांसाठी आज भ्रमणध्वनीवरील ॲप वापरले जाते. पडद्यावर दिसणाऱ्या या ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणारी दुसरी प्रणाली काम करीत असते. ॲपने विनंती कशी पाठवावी व सर्व्हरने उत्तर कसे द्यावे, या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या व्यवस्थेस एपीआय असे म्हणतात. प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरला दोन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो. विनंती करणारी व्यक्ती कोण आहे, हा पहिला प्रश्न होय. यास प्रमाणीकरण म्हणतात. त्या व्यक्तीस मागितलेली माहिती मिळण्याचा अधिकार आहे काय, हा दुसरा प्रश्न होय.

या विषयाकडे सामान्यतः केवळ तांत्रिक कौशल्य म्हणून पाहिले जाते. तथापि त्यामागे सहा दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. सर्व्हरने गुपिते अधिक काटेकोरपणे राखली म्हणून सुरक्षितता वाढली, असे या इतिहासावरून दिसत नाही. सर्व्हरकडे राहणारी गुपितेच कमी होत गेली, म्हणून ती वाढली. प्रस्तुत लेखात या सूत्राच्या आधारे सदर इतिहासाचा आढावा घेतला आहे.

१) सामायिक संगणक व परवलीचा शब्द :

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही प्रणाली विकसित झाली व नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, हा तिचा उद्देश होता. संगणक सामायिक झाल्यामुळे प्रत्येकाच्या फाइली स्वतंत्र राखण्याची गरज निर्माण झाली आणि त्यासाठी परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, योजण्यात आला.

हे सर्व पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे साठविलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला मिळणारा संगणकाचा वेळ अपुरा पडत होता. त्याने छिद्रपत्राद्वारे ती फाइल छापण्याची विनंती संगणकास दिली आणि सर्वांचे पासवर्ड त्याच्या हाती आले. पुढे त्याच दशकात एका संपादन-प्रणालीतील दोषामुळे दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली व स्वागत-संदेशाच्या जागी पासवर्डची संपूर्ण यादी प्रत्येक वापरकर्त्याच्या समोर छापली गेली. पहिल्या घटनेत हेतू होता, दुसऱ्या घटनेत केवळ अपघात. परिणाम मात्र एकच झाला, कारण मूळ गुपित फाइलीत उघड्या स्वरूपात उपलब्ध होते.

२) एकमार्गी रूपांतर :

यावर उपाय इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकातच शोधला. पासवर्ड साठविण्याऐवजी त्यावर एक गणिती प्रक्रिया करून येणारे उत्तर साठवावे, अशी ही कल्पना होती. ही प्रक्रिया एकमार्गी असते. पासवर्डवरून उत्तर काढणे सोपे, परंतु उत्तरावरून पासवर्ड काढणे व्यवहारतः अशक्य. गव्हाचे पीठ होते, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसाच हा प्रकार होय. वापरकर्त्याने दिलेल्या शब्दावर तीच प्रक्रिया करून दोन उत्तरे जुळतात की नाही, एवढेच सर्व्हर पाहतो. अशा उत्तरास पुढे हॅश हे नाव रूढ झाले.

रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीच्या अनुभवावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, अतिशय आखूड किंवा शब्दकोशात सापडणारे होते. म्हणजे उलट गणित न करताही केवळ अंदाज बांधून ते ओळखता येत होते. म्हणून त्यांनी दोन उपाय योजले. पडताळणीची प्रक्रिया हेतुपुरस्सर संथ केली; तसेच प्रत्येक पासवर्डला एक यादृच्छिक अंश जोडला. या अंशास सॉल्ट म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठविलेली उत्तरे बहुधा भिन्न असतात आणि एकदा केलेला हिशेब सर्वांना लागू करता येत नाही.

३) वेबचा उदय व विसरलेला धडा :

१९९० च्या दशकात वेबचा प्रसार झाला. वेबची एचटीटीपी ही संदेश-पद्धती पूर्वीची विनंती लक्षात ठेवीत नाही. प्रत्येक विनंती तिच्या दृष्टीने नवीनच असते. सुरुवातीच्या पद्धतीत नाव व पासवर्ड प्रत्येक विनंतीसोबत सहज उलगडता येईल अशा स्वरूपात पाठविले जात. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची योजना केली. तिच्यामुळे एकदा ओळख पटल्यावर पासवर्डऐवजी केवळ एक तात्पुरता क्रमांक पाठविणे शक्य झाले. पाठोपाठ एसएसएल व १९९९ मध्ये टीएलएस या पद्धतींनी मार्गातील संदेशांना कूटलेखनाचे संरक्षण दिले.

संदेशाचा मार्ग सुरक्षित झाला, परंतु साठवणुकीचा जुना धडा अनेकांनी विसरल्याचे दिसते. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड झाले. ते जसेच्या तसे साठविलेले होते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. त्यांना सॉल्ट जोडलेला नव्हता. वास्तविक नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएर्स यांनी बीक्रिप्ट ही संथ पद्धती १९९९ मध्येच मांडली होती. २०१५ मध्ये खुल्या स्पर्धेतून आर्गॉन२ ही पद्धती निवडली गेली. ज्ञान उपलब्ध होते, ते आचरणात आले नव्हते.

४) एपीआय व टोकन :

२००० मध्ये रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात रेस्ट ही रचनाशैली मांडली. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी, हे तिचे एक तत्त्व होय. याच दशकात एका सेवेने दुसऱ्या सेवेतील माहिती वापरण्याचे प्रमाण वाढले आणि त्यासाठी वापरकर्त्याकडे चक्क दुसऱ्या सेवेचा पासवर्ड मागण्याची प्रथा पडली. घरातील एक वस्तू आणण्यासाठी साऱ्या घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती देण्यासारखे हे होते. २००७ मध्ये आलेल्या ओऑथ पद्धतीने यावर उपाय दिला. तिच्यात पासवर्डऐवजी मर्यादित कामापुरते व रद्द करता येणारे टोकन दिले जाते. ऑगस्ट २०१० मध्ये ट्विटरने आपल्या एपीआयमधील पासवर्ड पाठविण्याची पद्धत बंद केली, तर २०१२ मध्ये ओऑथची दुसरी आवृत्ती प्रमाणित झाली.

२०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटी या टोकनात वापरकर्त्याची माहिती व सर्व्हरची अंकीय सही एकत्र असते. त्यामुळे सर्व्हरला चालू सत्रांची नोंद ठेवावी लागत नाही. या सोयीस किंमतही आहे. असे टोकन चोरीस गेल्यास मुदत संपेपर्यंत ते चालते. म्हणून मुदत अल्प ठेवावी लागते. शिवाय सही ही माहिती झाकत नाही, केवळ तिच्यातील फेरफार उघड करते. काही प्रणाली तर सहीच नसलेले टोकनही स्वीकारत असल्याचे २०१५ मध्ये आढळून आले.

ओळख पटली म्हणजे अधिकार सिद्ध झाला असेही नव्हे. ओवास्प या संस्थेच्या २०१९ व २०२३ च्या एपीआय-धोक्यांच्या याद्यांत पहिले स्थान एकाच दोषास आहे. वापरकर्ता खरा असतो, परंतु विनंतीतील क्रमांक बदलून तो दुसऱ्याची नोंद पाहू शकतो.

५) भारतीय संदर्भ :

भारतात हा प्रश्न सामान्य नागरिकापर्यंत पोहोचला तो आधार योजनेमुळे. तिचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आले. आधारच्या मूळ प्रमाणीकरण सेवेत विचारणा करणाऱ्या संस्थेस केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळते. विचारणाऱ्यास आवश्यक तेवढेच कळावे, हे तत्त्व येथे दिसते. मात्र बोटांचे ठसे केंद्रीय साठ्यातच राहतात. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. म्हणून असा साठा राखणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती या दृष्टीने लक्षणीय होय.

निष्कर्ष :

उघड्या पासवर्डची जागा हॅशने घेतली, प्रत्येक वेळी पाठविल्या जाणाऱ्या पासवर्डची जागा टोकनने घेतली. २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबऑथेन पद्धतीत तर गुप्त किल्ली वापरकर्त्याच्या उपकरणातच राहते. सर्व्हरकडे केवळ सार्वजनिक किल्ली असते व ती चोरीस गेली तरी तिच्या आधारे कोणाचे सोंग घेता येत नाही. या तिन्ही टप्प्यांची दिशा एकच आहे. वेब सेवा उभारणाऱ्याने गुपिते कशी राखावीत हे विचारण्यापूर्वी, ती आपल्याकडे असण्याची गरज आहे काय, हे विचारणे आवश्यक ठरते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात कार्यपद्धतींबरोबर या इतिहासाचाही समावेश झाल्यास १९६२ चा धडा २००९ मध्ये पुन्हा गिरवावा लागला, तशी वेळ पुढील पिढीवर येणार नाही.