रोल संपवायचा म्हणून

आमच्या कबनूरच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत निगेटिव्हच्या काही पट्ट्या आहेत. १९८७ साली आत्तीचं लग्न झालं, त्या छत्तीसच्या रोलच्या. कॅमेरा मागून आणलेला होता. पट्टी खिडकीसमोर धरली की कडेचे बारीक आकडे वाचता येतात. बत्तीस नंबरला आत्तीची पाठवणी, सगळ्यांचे डोळे ओले. तेहेतीसला वऱ्हाडाच्या टेम्पोची मागची बाजू. आणि चौतीसला एकदम आई! विटक्या पातळात, मागाच्या कारखान्याच्या दाराशी सुताच्या कांड्या भरत बसलेली.

लग्न संपलं होतं, रोल संपला नव्हता. फोटो शिल्लक ठेवून रोल धुवायला टाकायचा म्हणजे पैसे वाया, आणि कॅमेरा तर परत द्यायचा होता. आण्णांनी उरलेले फोटो घरातच काढून टाकले. पस्तीसला मागाची चौकट आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल. छत्तीसला उंबरा, त्याच्या एका बाजूला कुणाच्या तरी चपला, आणि पुढे रोलच संपल्यामुळे अर्धी चौकट कोरी.

आमच्या भागातले जुने आल्बम मी गेली काही वर्षं हौसेनं बघतो आहे. लग्न, बारसं, उरूस यांच्या फोटोंच्या शेवटी असे दोन-चार फोटो हमखास असतात : गोठ्यातली म्हैस, तांदूळ निवडणारी आजी, दारातली सायकल. का काढले विचारलं तर उत्तर ठरलेलं, रोल संपवायचा होता म्हणून. रोजचं जगणं आमच्या घरांच्या फोटोत आलं ते या दारानं, असं माझं मत झालं आहे.

त्याआधी ते का आलं नाही, याला कारणं आहेत. पॅरिसमध्ये १८३९ साली दागेरनं फोटो काढण्याची आपली रीत जाहीर केली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. पण तेव्हाची ओली काच वाळायच्या आत कॅमेऱ्यात घालून, उजेड दाखवून, लगेच धुवावी लागे. समोरच्या माणसानं दगडासारखं बसायचं. काम करणारा माणूस स्थिर नसतो, त्यामुळे तो चौकटीबाहेरच राहिला. ‘हलू नका’ हे स्टुडिओतलं वाक्य त्या काळापासून चालत आलं आहे. गावाकडे तर कित्येकांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो म्हणजे गेल्यावर ग्रुपमधून तोंड कापून मोठा करून घेतलेला, हार घातलेला.

ईस्टमननं १८८८ साली शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा काढला. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. १९०० साली त्याचाच ब्राउनी एका डॉलरला आला, पोरांच्या हातात देण्याजोगा. योगायोग असा की त्यानंतर चारच वर्षांनी आमच्या शेजारी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. माग भराभर घरोघर पसरला. कबनूरच्या गल्ल्यांतून त्याचा खडखडाट आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकला आहे. कॅमेऱ्याला मात्र विणकराच्या घरात शिरायला दोन पिढ्या लागल्या.

कोल्हापूरला खरं तर कॅमेऱ्याचं नवल नव्हतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी चलच्चित्राचा कॅमेरा इथेच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूरावांनी तो तडीस नेला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी पौराणिक मुकुट बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. साध्या माणसाचं साधं घर बघण्याजोगं आहे, हे या मातीत तेव्हा कुणाला तरी दिसलं होतं.

घरगुती कॅमेरा आला तो आग्फाचा क्लिक थ्री, बडोद्यात बनणारा. एका रोलमध्ये बारा फोटो. उटीच्या सरकारी कारखान्यातून पुढे इंदू फिल्म येऊ लागली. पण बारा म्हणजे मोजून बारा. आजोबा, आजी, नवीन बैलजोडी, सत्यनारायण, संपलं. त्यात कांड्या भरणाऱ्या बाईला जागा कुठली? पस्तीस मिलिमीटरच्या छत्तीसच्या रोलनं पहिल्यांदा शिल्लक निर्माण केली. हातात थोडं उरलं, तेव्हा कुठे नजर रोजच्या माणसावर गेली.

आता फोनमध्ये रोल नाही, शिल्लकही नाही. पोरं चहाच्या कपाचासुद्धा फोटो काढतात. मला ते वाईट वाटत नाही. साधे माग भंगारात निघाले तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी शेवटच्या पाळीचे फोटो काढून ठेवले, धोट्याचेसुद्धा. ते बघताना माझा जीव भरून येतो.

चौतीस नंबरचा मी मागच्या महिन्यात मोठा प्रिंट काढून आणला. दाराच्या अपुऱ्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढलेला. आईचा चेहरा स्वच्छ आलाय, हात मात्र पुसल्यासारखा. मनगटापासून पुढे नुसता पांढरट फराटा. स्टुडिओवाला म्हणाला, हात हललाय, कॉम्प्युटरवर नीट करून देतो. मी तसाच आणला आणि आईच्या मांडीवर ठेवला. वाटलं, तरुणपणचा चेहरा बघून काहीतरी बोलेल. तिनं चष्मा वर-खाली केला, बोट थेट त्या फराट्यावर ठेवलं.

‘‘हात हललेला दिसतोय न्हवं,’’ ती म्हणाली, ‘‘म्हंजी त्या दिशी लाईट हुती.’’