सीमांतपूजनाची पंगत

माझ्या पुतण्याचं लग्न अमेरिकेत झालं. मुलगी तिकडचीच. लग्नाच्या आठवडाभर आधी धाकट्या भावाचा फोन आला, आवाजात जरा काळजी. म्हणाला, "दादा, इथं आदल्या संध्याकाळी लग्नाची तालीम करतात. कोण कुठून चालत येणार, कोण कुठं उभं राहणार, सगळं एकदा करून बघतात. मग दोन्हीकडची जवळची माणसं एकत्र जेवतात. ते जेवण म्हणे मुलाच्या बापानं द्यायचं असतं!" मी म्हटलं, "मग दे की." तर म्हणतो, "देतो ना, पण आपण तर वरपक्ष!"

मला हसू आलं. तालमीचा भाग सोडला तर यात आपल्याला नवं काहीच नाही. आदल्या रात्री दोन घरांनी पहिल्यांदा एकत्र जेवायला बसायचं, ही गोष्ट आपल्या परभणीकडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आधी महिनाभर गडगनेरं होतात. पुण्याकडं त्याला केळवण म्हणतात. भाऊबंद, मामे-मावशा नवरदेवाला किंवा नवरीला घरी बोलावून गोडधोड जेवू घालतात, कापडं करतात. पण ती जेवणं आपल्याच माणसांत. खरी कसोटी सीमांतपूजनाच्या रात्री. त्या रात्रीची पंगत बघून म्हातारी माणसं सांगायची, हे सोयरपण कसं निभणार ते.

सीमांत म्हणजे सीमेचा शेवट, गावाची शीव. वऱ्हाड शिवेवर आलं की वधूपित्यानं सामोरं जायचं, वराचे पाय धुवायचे, गंध-अक्षता लावायच्या, कपडे द्यायचे आणि वाजतगाजत जानोशाला आणायचं. शब्द संस्कृत असल्यामुळं आपल्याला वाटतं, हे वेदकाळापासूनचं असणार. जुन्या गृह्यसूत्रांत दारी आलेल्या वराला मधुपर्क, म्हणजे दही आणि मध, देऊन मान देण्याचं वर्णन आहे. सीमांतपूजनाला मात्र भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात जे आधार दिलेत, ते 'संस्कारकौस्तुभ' आणि 'धर्मसिंधु' या ग्रंथांचे. पहिला सतराव्या शतकातल्या अनंतदेवांचा. हे अनंतदेव पैठणच्या एकनाथांच्या वंशातले मानले जातात, म्हणजे आपल्या गोदाकाठाशीच नातं सांगणारे. दुसरा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, १७९० च्या सुमारासचा.

माझा आपला अंदाज असा की, ही रीत आधी रस्त्यावर जन्मली आणि मग पोथीत गेली. चाळीस-पन्नास मैलांवरून बैलगाड्या निघायच्या. वैशाखाचं ऊन, काळ्या रानातली चाकोरी, गाडीत म्हाताऱ्या, लेकरं, पेट्या. दिवस मावळताना शिवेवर पोचलेल्या माणसाला आधी पाणी लागतं, मग जेवण. मान त्यानंतरचा. आपल्या भागात रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची ती मीटरगेज लाइन. तेव्हापासून शिवेनं आपली जागा बदलली. सेलू, मानवत रोड, पूर्णा या स्टेशनांवरच व्याही-व्याही भेटू लागले. मानवत रोड हे स्टेशन मानवत गावापासून चांगलंच लांब आहे. माझी आजी तिथं उतरलेल्या एका वऱ्हाडाची गोष्ट सांगायची. गाडी इतकी उशिरा आली की पूजा फलाटावरच उरकली आणि अर्ध्या वऱ्हाडानं तिथंच शिदोऱ्या सोडल्या.

आजीचीच दुसरी गोष्ट १९४८ सालची, माझ्या आत्याच्या लग्नाची. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, हिंगोलीही आपल्यातच होती. पैनगंगा ओलांडली की पलीकडं वऱ्हाड, तिथं स्वातंत्र्य आलेलं. नवरदेव वाशीमकडचा. रझाकारांच्या धामधुमीत त्याच्या घरचे नदी ओलांडून इकडं यायला तयार नव्हते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मग आमचीच माणसं नवरीला घेऊन रातोरात पलीकडं गेली. वाजंत्री नाही, दिवट्या नाहीत. पलीकडच्या काठावर व्याही कंदील घेऊन उभे होते. आता मान कुणी कुणाला द्यायचा? सीमा त्यांची आणि पाहुणे आम्ही, म्हणजे सगळंच उलटं. आजी सांगायची, मुलाच्या बापानं वाद न घालता माझ्या आजोबांचे पाय धुतले आणि सगळ्यांनी वाळूत बसून पिठलं-भाकर खाल्ली. पुढं सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी संपली, नदी नुसती नदी राहिली. त्या पंगतीत मुलीकडच्यांना पहिला घास मिळाला होता, हे आजी शेवटपर्यंत अभिमानानं सांगत राहिली.

अशी उदाहरणं थोडी, हेही सांगायला हवं. बहुतेक घरांत ही रात्र मुलीच्या बापाच्या छातीत धडकी भरवणारीच असायची. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण कायदा झाला तरी राहिलेली मागणी याच रात्री पुढं यायची. घड्याळ, सायकल, नंतर नंतर मोटारसायकल. जावई रुसायचा, विहीणबाईंच्या पायाला गरम पाणी लागलं नाही म्हणून जानोशातून निरोप यायचा. उद्या मुहूर्त असल्यानं मुलीकडच्यांना नाही म्हणता येत नसे, आणि हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असायचं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ साली पुण्यात पहिलं साधं लग्न लावलं, ते उगाच नव्हे. आमच्याकडं ते वारं पोचायला फार वेळ लागला.

मी स्वतः पाहिलेली, आणि अजून डोळ्यांपुढून न हललेली पंगत १९७३ च्या मे महिन्यातली. माझ्या अक्काचं लग्न. मी बारा वर्षांचा.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल वेगळं सांगायला नको. त्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. आमच्या घरातून आई आणि काका खडी फोडायला जात. मजुरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. जिंतूर तालुक्यात येलदरीचं एवढं धरण, पण आमचं गाव माळावरचं. दोन मैलांवरच्या एका विहिरीवरून बैलगाडीनं पाणी यायचं. लग्न पुढं ढकलावं असं बाबांना वाटत होतं. पण सोयरीक चांगली होती, मुलगा मास्तर होता, आणि पुढचं साल बरं जाईल याची हमी कोण देणार?

ठरलं होतं की वऱ्हाड सत्तर माणसांचं. गंगाखेडकडून ट्रक आला, त्यातून उतरली सव्वाशेच्या वर. लबाडी अशी नव्हती. तिकडंही दुष्काळच होता. लग्नाच्या निमित्तानं दोन वेळा पोटभर जेवायला मिळेल म्हणून वाटेतले भाऊबंद ट्रकात चढत गेले, आणि चढणाऱ्याला खाली उतर म्हणायची कुणाची जीभ रेटली नाही. हे मला पुष्कळ वर्षांनी मेव्हण्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी मात्र बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

पाणी वाढायचं काम माझ्याकडं. एकेका तांब्यावर माझं लक्ष. मारुतीच्या देवळात सीमांतपूजन झालं, व्याहीभेट झाली, पुरुषांची पहिली पंगत बसली. रेशनच्या गव्हाच्या पोळ्या, वरण, कांद्याची भाजी, थोडा भात आणि पानाच्या कोपऱ्यात मूठभर बुंदी. दुसरी पंगत बसली तेव्हा बुंदी चिमूटभर झाली. तिकडचे एक काका मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं बुंदी मोजून वाढतेत काय?" सगळे हसले. बाबाही हसले, हात जोडून.

राहिल्या बायका. तेव्हा बायका शेवटीच बसायच्या. मी तांब्या भरायला मागच्या अंगाला गेलो तर नवरदेवाची आजी तिथं उभी. नातवाला पाणी हवं म्हणून आली होती. समोर बुंदीची परात पालथी घातलेली, वरणाचं पातेलं तळाला गेलेलं, आणि एका टोपल्यात फडक्याखाली पोळ्यांची एक चळत. आई त्या टोपल्यापाशी नुसती उभी होती. म्हातारीनं टोपल्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. बोलली काहीच नाही. पाणी घेऊन गेली.

थोड्या वेळानं आई पदर सावरून बोलवायला गेली. "आजी, पानं मांडलीत, चला ना."

"अगं बाई, आज मंगळवार नाही का! आमच्या घरच्या बायकांना मंगळवार असतोय."

आई म्हणाली, "मग सोडायचा असंल ना आता?"

"आमचा रातीला सुटत नसतोय. सकाळीच सोडायचा. देवीचाय."

एक लेकुरवाळी सून काहीतरी बोलायला गेली. म्हातारीनं तिच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती मांडीवरच्या लेकराला थोपटायला लागली. सतरा-अठरा बायका होत्या. सगळ्यांचा उपास. आईनं घरात होते तेवढे शेंगदाणे भाजले, गूळ फोडला, आणि त्या सगळ्या जानोशात शेंगदाणे खात रात्री बारापर्यंत गाणी म्हणत बसल्या. लेकरांना पोळ्या पुरल्या.

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये सोमवारी रात्रीचं एक जेवण सोडा म्हणून देशाला सांगितलं होतं. तेव्हा आमच्याही शाळेत सोमवारची गोष्ट निघायची. म्हातारीला तिथून सुचलं की कसं, कोण जाणे. सुचायला शास्त्रीजी लागतातच असं नाही.

आता या आठवणीतला एक भाग मी पुष्कळ वर्षं सांगत नव्हतो. त्या रात्री आमच्या अंगणाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली आणखी पाच माणसं बसली होती. वाजंत्री. शिवेपासून देवळापर्यंत आणि देवळापासून जानोशापर्यंत तेच पुढं होते. त्यांना रीतीप्रमाणं सगळ्यांच्या शेवटी, आणि लांब. बायकांचा उपास झाला तरी त्यांच्यापर्यंत काय पोचलं? मिलोच्या भाकरी आणि पाणी घालून वाढवलेलं वरण. मीच नेऊन दिलं, वरून सोडलं, तेव्हा तसंच करायचे. त्यांच्यातला एक पोरगा माझ्याच वयाचा होता, सनईला सूर धरणारा. त्यानं बुंदी आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. गावाची शीव आम्ही वाजतगाजत ओलांडली होती. पंगतीतली शीव मात्र कुणी ओलांडली नाही, त्या म्हातारीनंही नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशीचं लग्न गल्लीनं तारून नेलं. कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी डाळ. अक्षता पडल्या, वऱ्हाड जेवून गेलं.

पुढं मंगल कार्यालयं आली, जीप आल्या, मग मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. माणसं सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू लागली, तशी आदली रात्रच लग्नातून गळून गेली. आता सीमांतपूजन कार्यालयाच्या दारात होतं, लग्नाआधी तासभर, फोटोवाला सांगेल तितका वेळ. बुफे असतो, त्यामुळं कोण कुणाशेजारी बसला हा प्रश्नच उरत नाही. त्यातलं काही चांगलंच झालं. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढं कोण आहे हे आता मी बघत नाही, आणि बघणाऱ्याला निदान बोलायची लाज वाटते. पण दोन घरांना एकमेकांची भूक कळायची जी एक रात्र होती, ती गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळं सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न झालं. तिच्या बापाला मी म्हटलं, खर्च वाचला. तो म्हणाला, "वाचला खरा, पण व्याही कसाय ते अजून कळंना."

भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं की, जेवण नीट दे आणि वाढताना स्वतः फिर. त्यानं तसं केलं असावं. त्याच्या विहीणबाई दिवाळीला न चुकता फोन करतात.

अक्का सासरी गेल्यावर पहिल्याच मंगळवारी सकाळी न जेवता राहिली. दुपारी सासूनं विचारलं, का गं, जेवलीस का नाही? अक्का म्हणाली, "आपल्याकडं मंगळवार असतोय ना?" सासू म्हणाली, "कोण म्हणालं? आपल्याकडं कुणालाच नसतोय." ओसरीवर आजेसासू वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

अक्कानं तो मंगळवार तेव्हापासून धरला. आता तिच्या सुनाही धरतात. रात्री सोडत नाहीत, सकाळीच सोडतात.