ठिपक्यांची देवनागरी आणि रेषांची देवनागरी

पालि भाषेस स्वतःची अशी लिपी नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांस सांगावयास नको. सिंहली, म्यानमारी, ख्मेर, थाई, रोमन आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांतून तिपिटक आजवर जतन झाले. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पालि ग्रंथमालेसाठी प्रा. ना. के. भागवतांनी संपादिलेले ग्रंथ आणि भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली १९५६ पासून प्रसिद्ध झालेले नालंदा देवनागरी संस्करणाचे ४१ खंड शिशाच्या खिळ्यांनी छापले गेले. त्या खिळ्यांचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला आहे. संगणकावरील अक्षरांचा इतिहास मात्र अभ्यासक आपला मानीत नाहीत. तो तंत्रज्ञांचा प्रांत समजून सोडून देतात. वस्तुतः गेल्या पस्तीस वर्षांत पालि-संस्कृत पाठांचे जे काही भले-बुरे झाले, त्याचा बराचसा भाग या अक्षरांच्या रूपांतराशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात एकाच फाँटची कथा सांगावयाची आहे.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली देवनागरीसाठी एक मुद्राक्षरसंच आणि त्यासोबत ‘देवनाग’ नावाचा लहानसा प्रोग्रॅम सिद्ध केला. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक्’ या अक्षरजुळणी-प्रणालीशी तो जोडलेला होता. अभ्यासकाने साध्या रोमन कळफलकावर लिहावे, दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा टंकावे, मूर्धन्य व्यंजनाआधी टिंब द्यावे, आणि प्रोग्रॅमने त्याचे जोडाक्षरांसह देवनागरीत रूपांतर करावे, अशी योजना होती. मुंबई वळण, कलकत्ता वळण आणि नेपाळी वळण असे अक्षरांचे पर्यायही त्यात होते. युरोपातील एका विद्यापीठात बसून मुंबईचे आणि कलकत्त्याचे वळण वेगळे ओळखणाऱ्या माणसाची नजर किती बारीक असेल, याचे मला आजही कौतुक वाटते.

ही अक्षरे क्नूथ यांच्याच ‘मेटाफाँट’ या भाषेत लिहिली होती. १९७९ मध्ये प्रथम आलेली आणि १९८४ मध्ये नव्याने लिहिलेली ही भाषा अक्षराचे चित्र काढीत नाही, अक्षर कसे काढावे याची आज्ञा देते. अमुक जाडीची लेखणी घ्या, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशा वळणाने न्या, हे सारे समीकरणांत सांगितलेले असते. बोरूने लिहिणाऱ्या लेखकास हे लगेच उमगेल. परंतु या आज्ञांचे अंतिम फळ म्हणजे ठिपक्यांचा नकाशा. इंचास ३०० ठिपके उमटविणाऱ्या छपाईयंत्रासाठी दहा पॉइंटांचे अक्षर तयार केले, तर उंचीला जेमतेम ४१-४२ ठिपके मिळतात. त्या यंत्रावर, त्या आकारात, ते अक्षर सुरेख दिसते. मोठे केले की कडा पायऱ्यांसारख्या तुटतात. मूळ आज्ञा कोणत्याही आकारास लागू असल्या, तरी हाती येणारी फाइल एकाच आकाराची असे.

१९९३ साली पीडीएफचा अवतार होईपर्यंत याची अडचण फारशी जाणवली नाही, कारण लक्ष्य कागद हेच होते. पीडीएफमुळे ग्रंथ पडद्यावर वाचला जाऊ लागला. पडद्यावर या ठिपक्यांच्या अक्षरांची, विशेषतः अक्रोबॅट रीडरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, फार दैना झाली. ती पुसट आणि धुरकट दिसत. याउलट अडोबी कंपनीच्या ‘टाइप १’ प्रकारातील मुद्राक्षरे स्वच्छ दिसत, कारण त्यांत ठिपके नसून बाह्यरेषा असते. बेझिए वक्रांनी बांधलेली ही आकृती कोणत्याही आकारात तशीच राहते. टाइप १ चे संपूर्ण विवरण १९९० साली प्रसिद्ध झाले, ॲपलचे ट्रूटाइप १९९१ मध्ये आले. म्हणजे वेल्थुइस यांचा संच जन्मला त्याच सुमारास भविष्यकाळ दुसऱ्या वाटेने निघाला होता.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २००३ साली, एम.ए.च्या अभ्यासक्रमात असताना, धम्मपदातील काही गाथा मी विभागाच्या संगणकावर वेल्थुइस पद्धतीने जुळविल्या. गावच्या विहाराच्या भिंतीवर लावण्यासाठी त्यांतील एक पान मोठे करून मागविले गेले. जे छापून आले त्यात शिरोरेषेला दात फुटले होते आणि अनुस्वार चौकोनी झाला होता. एका वयोवृद्ध उपासकांनी विचारले, “बाळा, हे कशिद्याचे अक्षर आहे का?” मला उत्तर देता आले नाही. यावरचा उपाय त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

तो उपाय कारेल पिश्का यांचा. हे गृहस्थ प्रागमधील भौतिकशास्त्र संस्थेत काम करणारे. २००२ साली त्यांनी मेटाफाँटमधील मुक्त भारतीय मुद्राक्षरांचे टाइप १ मध्ये रूपांतर केल्याचा वृत्तान्त टेक्-उपयोजकांच्या ‘टगबोट’ या नियतकालिकात लिहिला. साधन होते हंगेरीच्या पेतर सॅबो यांचे ‘टेक्ट्रेस’. लेखणीने ओढलेल्या फराट्यांची बाह्यरेषा बेझिए वक्रांत तंतोतंत मांडता येत नाही, शिवाय फराटे एकमेकांवरून जातात. म्हणून टेक्ट्रेस सरळ मार्ग सोडून देते. प्रत्येक अक्षर प्रचंड मोठ्या ठिपक्यांच्या चित्रात उमटवावयाचे, मग त्या चित्राच्या कडेने रेषा काढावयाची. शिलालेखाचा ठसा घेऊन ठशावरून अक्षर गिरवावे, तसाच हा प्रकार.

ठसा म्हटला की ठशाचे दोषही आले. टोकदार कोपरे किंचित गोल होतात, सरळ रेषेत नसलेले उंचवटे येतात, नको तितके बिंदू साचतात. टाइप १ मध्ये अक्षराचा चौरस सामान्यतः १००० एककांचा असतो आणि बिंदू पूर्णांकांवर बसवावे लागतात, तेथेही थोडी ओढाताण होते. रोमन अक्षरांत एवढा फरक खपून जातो. देवनागरीत मात्र अक्षरे शिरोरेषेने एकमेकांस धरून असतात. एका अक्षराच्या रेषेचे टोक जरा गोलावले किंवा आखूड झाले, तर पुढील अक्षराशी सांध्यावर खाच दिसते. अर्ध्या व्यंजनांचे तुकडे जोडून संयुक्ताक्षर बनते तेथे तर हा धोका दुप्पट. पालीत ‘ट्ठ’, ‘ञ्ञ’, ‘म्ह’, ‘ळ्ह’ पावलोपावली येतात, हे ध्यानात घ्यावे.

पिश्का यांचे मोठेपण मला असे वाटते की यंत्राने दिले ते त्यांनी अंतिम मानले नाही. मेटाफाँटपासून टाइप १ पर्यंत नेणाऱ्या निरनिराळ्या साधनांची आणि त्यांच्या फलांची तुलना त्यांनी २००४ मध्ये मांडली. त्यात पोलंडच्या याच्कोव्स्की आणि सहकाऱ्यांचे ‘मेटाटाइप१’ हेही होते, ज्यात माग न काढता मुळापासून बाह्यरेषाच लिहिली जाते. आपल्या परिभाषेत ही पाठचिकित्साच आहे: मूळ प्रत, तिची नक्कल, नकलेत शिरलेले दोष आणि त्यांचे शोधन. वेल्थुइस यांचा संच मुक्त परवान्याखाली होता, म्हणूनच हे काम कोणा परक्याने करणे शक्य झाले. पुढे चेक अभ्यासक झ्देनेक वाग्नर यांनी तो सांभाळला.

तथापि आकाराचे रूपांतर म्हणजे पाठाचे रूपांतर नव्हे. येथे आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये जुळविलेली पुस्तके पाहा: ती मुद्राक्षरे बाह्यरेषांचीच होती, कितीही मोठी करा, फाटत नसत. पण त्या फाँटशिवाय फाइल उघडली की अगम्य रोमन चिन्हे दिसतात, कारण प्रत्येकाचे क्रमांक निराळे. आकृती सुरक्षित आणि मजकूर मात्र हरवलेला. वेल्थुइस यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. आकृती कालबाह्य झाली, पण मजकूर साध्या रोमन चिन्हांत असल्यामुळे वाचला. त्यांची टंकनपद्धती इतकी सोयीची ठरली की फाँटशी संबंध नसलेल्या पालि अभ्यासकांनीही ती रोमन पालीसाठी उचलली; ‘ॲक्सेस टू इनसाइट’ने ती वापरली होती.

त्यातही एक काटा आहेच. वेल्थुइस यांच्या देवनागरीत टिंबासह लहान ‘एल’ म्हणजे ‘ऌ’ हा स्वर, आणि ‘ळ’साठी मोठा ‘एल’. पालीत ‘ऌ’ नाही, म्हणून पालि अभ्यासक टिंबासह लहान ‘एल’च ‘ळ’साठी लिहू लागले. असा मजकूर विचार न करता देवनागरीत उतरविला की ‘दळ्ह’चे ‘दऌह’ होते. कोणताही प्रोग्रॅम ही चूक दाखवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती चूक नव्हेच.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. ओपनटाइपने बाह्यरेषा आणि जोडाक्षरांचे नियम एकाच फाइलमध्ये आणले. युनिकोडने क्रमांकांचा प्रश्न सोडविला. २००४ साली जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक्’ आल्यावर वेल्थुइस पद्धतीने टंकलेला मजकूर थेट युनिकोडमध्ये नेणारे नकाशे तयार झाले, आणि कोणताही ओपनटाइप फाँट त्यास लावता येऊ लागला. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचे छट्ठ संगायन तिपिटकही प्रारंभीच्या सीडींवरील स्वतःच्या फाँटांतून पुढे युनिकोडमध्ये आले. जानेवारी २०२३ पासून अडोबीने आपल्या प्रोग्रॅम्समधून टाइप १ चा आधार काढून घेतला. म्हणजे पिश्का यांनी ज्या तीरावर अक्षरे आणून सोडली, तो तीरही खचला.

माझ्या त्या जुन्या गाथा मी गेल्या वर्षी पुन्हा उतरविल्या. फ्लॉपीवरील फाइल साध्या चिन्हांत होती, म्हणून शब्द सारे मिळाले. ‘ऌ’ शोधून ‘ळ’ केला. तो सात ठिकाणी निघाला. आठवा एका टीपेत होता, आणि तो छापील प्रतीशी ताडून पाहतानाच सापडला.