खाकीचा आफ्रिकेंतील प्रवास

सिंह-हत्ती पाहावयास आफ्रिकेंत जाणाऱ्या प्रवाशांच्या तोंडीं 'सफारी' हा शब्द असतो. तो मराठी माणसाला परका वाटण्याचें कारण नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत सफारी म्हणजे प्रवास. तिचें मूळ अरबी 'सफर', आणि मराठींतील सफरहि त्याच घरची. या प्रवासाला योग्य म्हणून जो पोषाख जगभर रूढ झाला, त्याचा खाकी रंग, डोक्यावरील सोला टोपी आणि पोटरीवरील पट्टी हीं तिन्ही हिंदुस्थानांतून गेलेलीं आहेत. तो पोषाख अंगावर घालून आफ्रिकेचे खडक चढलेल्या शिपायांत सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यांचे मुलगे होते, याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाहीं.

खाक म्हणजे धूळ. पेशावर येथें १८४६ सालीं उभारलेल्या गाइड्स पथकाला लम्सडेन या अधिकाऱ्यानें मातकट रंगाचे सैल कपडे दिले. पुढें १८५७ च्या धामधुमींत कित्येक गोऱ्या पलटणींनीं आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यांत नाहीं तर चिखलांत बुडवून मळकट करून घेतले. मुंबईचा सेनापति रॉबर्ट नेपियर १८६७-६८ मध्यें हबसाणच्या स्वारीवर निघाला, तेव्हां हा रंग समुद्र ओलांडून आफ्रिकेंत उतरला. बंदुकीचा पल्ला वाढत चालला होता. लाल डगला दुरून दिसे, आणि दिसणारा मरे. तेव्हां धुळीच्या रंगाला प्रतिष्ठा आली ती रसिकतेमुळें नव्हे, जिवाच्या भीतीमुळें.

माणदेशांतील किंवा जत-आटपाडीकडील माणसाला उन्हाची शिकवण पुस्तकांतून घ्यावी लागली नाहीं. डोक्याला मुंडासें, अंगांत सैल बंडी, खांद्यावर घोंगडी हा त्याचा सरंजाम. मुंडाशाच्या पदरांपदरांत हवा कोंडून राहते, म्हणून ऊन टाळूपर्यंत पोंचत नाहीं. कपाळाचा घाम त्यांतच जिरतो. वेळ पडल्यास तेंच फडकें पाणी गाळावयास, ओझें बांधावयास अथवा जखमेवर गुंडाळावयास उपयोगी पडतें. घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाडसर लोकरीची. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. पावसांत तिची खोळ डोक्यावर घेतली कीं पाणी वरच्या वर निथळून जातें, आणि रात्रीं तीच अंथरूण-पांघरूण होते. परदेशी प्रवाशाला आज जो उपदेश करतात, कीं एक जाड कपडा घेण्यापेक्षां चढवितां-उतरवितां येतील असे दोनतीन घ्यावे, तो मेंढपाळाच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोंबत होता.

गोऱ्या साहेबाची समजूत वेगळी होती. उष्ण देशांतील सूर्यकिरण कवटींतून आणि पाठीच्या कण्यांतून आंत शिरतात, असें त्याच्या वैद्यांनीं त्याला पटविलें होतें. म्हणून बंगालकडील शोला वनस्पतीच्या हलक्या भेंडाची टोपी त्यानें डोक्यावर चढविली आणि पाठीला कापडी गादी बांधली. गादीनें उलट घाम कोंडे. दुसऱ्या महायुद्धांत असल्या टोप्या टाकून हजारों गोरे सैनिक उन्हांत वावरले आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं, तेव्हां ती समजूत गळून पडली. टोपींत औषधापेक्षां अधिकाराचीच मात्रा अधिक होती, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

सातारा हा शिपाईगिरीचा जिल्हा. सांगलीकडील पुष्कळ मुलुख तेव्हां त्यांतच मोडे. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ त निराळा झाला आणि १९६० त त्याला सांगली हें नांव मिळालें. पहिल्या महायुद्धांत साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गांवचे ४६ जवान कामास आले. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी एरिट्रियांत केरेनच्या डोंगरांपुढें उभ्या राहिल्या. अस्मारास जाणारा रस्ता एका अरुंद खिंडींतून जात होता आणि दोहों बाजूंचीं शिखरें इटालियनांच्या हातीं होतीं. दिवसां खडक तापत, रात्रीं हवा गार होई. पाणी आणि दारूगोळा माणसांनीं पाठीवरून वर न्यावयाचा. अशा ठिकाणीं अंगावरचें सुती खाकी ड्रिल घामानें भिजून पुन्हां वाळे, हाच त्याचा मोठा गुण. १९४१ च्या मार्चमध्यें, पंधरा तारखेच्या रात्रीं, कर्नल रीड याच्या हाताखालील तिसऱ्या मराठा पलटणीनें पिनॅकल नांवाचा सुळका घेतला; २७ तारखेस केरेन पडलें.

गोळीहून दुसरा एक शत्रु बारीक होता. पूर्व आफ्रिकेंत १९१४-१८ च्या मोहिमेंत रोगानें केलेली हानि लढाईंतील हानीच्या कितीतरी पट होती. अर्धी विजार उन्हांत सुखाची खरी, पण सूर्य मावळल्यावर उघडे गुडघे म्हणजे हिंवतापाच्या डांसाला आमंत्रण; म्हणून संध्याकाळीं बाह्या खालीं सोडाव्या आणि लांब विजार घालावी, असा दंडक पुढें पडला. निद्रारोग पसरविणारी त्सेत्से माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडण्याचे सापळेहि त्याच रंगांच्या कापडाचे करतात. फिकट खाकीचा हा गुण लम्सडेनच्या स्वप्नांतहि नसेल.

पुढें १९७० नंतरच्या काळांत 'सफारी' साताऱ्या-सांगलीस परत आली ती शिंप्याच्या दुकानांत. साखर कारखान्याचे अधिकारी, बँकेचे मॅनेजर, लग्नांतले वरबाप या सर्वांनीं चार खिशांचा सफारी सूट शिवून घेतला. कापड मात्र टेरिकॉटचें असे. सुरकुती पडत नाहीं म्हणून त्याची वाहवा झाली. तें घाम फारसा पीत नसे, आणि वैशाखांतल्या मांडवांत वरबाप रुमालानें मान पुशीत बसत.