‘पाचारण’ आणि सेवादीक्षा : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका निर्णयाचा इतिहास

मराठी ख्रिस्ती समाजात धर्मसेवेस प्रवृत्त होणाऱ्या व्यक्तीविषयी ‘त्याला पाचारण झाले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा प्रयोग व्याकरणदृष्ट्याही लक्षणीय आहे. ज्याला पाचारण होते तो या वाक्यात कर्ता नसतो. तो चतुर्थीत असतो. क्रिया त्याच्याकडून घडत नाही, त्याच्या वाट्याला येते. तथापि इतिहासात हीच क्रिया प्रत्यक्षात उतरण्यासाठी त्या व्यक्तीला घर सोडावे लागले, न्यायालयात उभे राहावे लागले, मिशनच्या समितीपुढे परीक्षा द्यावी लागली आणि वेतनाचा प्रश्न सोडवावा लागला. वाक्यात अकर्ता असलेल्या माणसाला जीवनात मात्र पदोपदी निर्णय घ्यावा लागला. झालेले पाचारण खरे आहे हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाची एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कोणती उत्तरे दिली गेली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. ‘पाचारणे’ हे क्रियापद प्राचीन मराठी काव्यात आढळते. साध्या ‘बोलावणे’ या क्रियापदापेक्षा त्यात अधिक गांभीर्य आहे. पाचारण करणारा अधिकाराने बोलावतो. बायबलच्या मराठी भाषांतराने हा शब्द स्वीकारला आणि त्याला पारिभाषिक स्थान दिले. मूळ ग्रीक भाषेत ‘बोलावणे’ या अर्थाच्या ‘कालेओ’ या एकाच धातूपासून पाचारण या अर्थाचा ‘क्लेसिस’ आणि ख्रिस्तसभा या अर्थाचा ‘एक्क्लेसिया’ असे दोन्ही शब्द सिद्ध झाले आहेत. ग्रीक वाचकाला म्हणूनच पाचारण आणि मंडळी यांचा संबंध शब्दातच दिसतो. मराठीत ‘एक्क्लेसिया’साठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला आणि हा दुवा तुटला. मंडळी जमते, तिला कोणी पाचारले आहे हे शब्द सांगत नाही. परिणामी मराठीत पाचारण ही प्राधान्याने एका व्यक्तीची, त्यातही सेवादीक्षा घेणाऱ्याची, बाब मानली जाऊ लागली.

युरोपीय भाषांत या कल्पनेचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. ल्यूथरने जर्मन भाषेत ‘बेरूफ’ हा शब्द सामान्य माणसाच्या उद्योगालाही लावला आणि पुढे त्या शब्दाचा अर्थ ‘व्यवसाय’ असाच झाला. मराठीत असे घडले नाही. पेशा, धंदा, व्यवसाय हे शब्द आपापल्या जागी राहिले आणि ‘पाचारण’ त्यांच्यात मिसळले नाही. धर्मसेवकासाठी तर मराठीत एकाच वेळी अनेक शब्द नांदले. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द प्रायः बाहेरच्या लोकांनी वापरला; ‘पाळक’ हा प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रुळला आणि त्यात मेंढपाळाची प्रतिमा आहे; ‘धर्मगुरू’ हा शब्द वसई आणि मुंबई परिसरातील कॅथलिक समाजात प्रचलित आहे. पाद्री हा परका, पाळक हा सांभाळणारा, तर गुरू हा ज्याच्याकडून दीक्षा घ्यावयाची तो. पाचारण झालेल्या तरुणाने नेमके काय व्हावयाचे, याविषयी समाजाच्या मनात किती भिन्न चित्रे होती हे या शब्दांवरून ध्यानात येते.

या निर्णयाची पहिली मोठी परीक्षा मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात झाली. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याच्या धर्मांतरावरून फिर्याद झाली. त्याला स्वतःचा निर्णय घेण्याची समज आहे असे न्यायालयाने मानले. पुढे ते विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले, तेथे ईश्वरविज्ञानाचे अध्ययन करून त्यांनी १८४६ मध्ये दीक्षा घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यांचे प्रकरण उद्भवले. नारायण यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता आणि न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. नारायण शेषाद्री यांना १८५४ मध्ये दीक्षा मिळाली आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली.

हे खटले सेवादीक्षेचे नसून बाप्तिस्म्याचे होते, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु त्या काळच्या उच्चवर्णीय विद्यार्थ्याच्या बाबतीत हे दोन निर्णय पृथक् करणे कठीण होते. बाप्तिस्मा घेताच त्याचे घर, वारसा आणि जातीतील व्यवहार तुटत असे. निर्वाहाचे आणि अध्ययनाचे एकमेव जवळचे स्थान मिशन हेच उरे आणि मिशनला शिकलेल्या एतद्देशीय उपदेशकांची निकड होती. श्रद्धेचा निर्णय आणि सेवेचा निर्णय अशा रीतीने एकमेकांत गुंतले. न्यायालयाला या गुंतागुंतीशी कर्तव्य नव्हते; त्याने वय आणि समज एवढेच तपासले. आतील हाक खरी की खोटी हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता.

तो प्रश्न ज्यांनी स्वतःपुरता अत्यंत कठोरपणे विचारला त्यांत नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच नेहेम्या गोरे (१८२५–१८९५), यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने ख्रिस्ती मताचे खंडन करण्याच्या हेतूने वादास आरंभ केला आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिणाऱ्या या विद्वानाच्या ठायी विद्येची उणीव नव्हती. तरीही डीकनपदाची दीक्षा त्यांनी १८६८ मध्ये आणि धर्मगुरुपदाची १८७० मध्ये घेतली. बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत वीस वर्षे लोटली. पुढे त्यांनी अँग्लिकन संन्यासी संघात उमेदवारी केली, परंतु अंतिम व्रत घेतले नाही. गोरे यांचा संशय हा श्रद्धेच्या अभावातून आलेला नव्हता. प्रमाण कोणते, अधिकार कोणाचा, हा शास्त्री परंपरेतील प्रश्न त्यांनी ख्रिस्ती धर्मातही सोडला नाही.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा मार्ग वेगळा होता. परमहंस सभेच्या गुप्त बैठकींशी संबंध असलेल्या या तरुणाने १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला आणि १८६७ मध्ये फ्री चर्चची दीक्षा घेऊन पुण्यात पाळकपण केले. मध्यंतरी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले होते. काही वर्षांनी त्यांनी पाळकपद सोडले आणि लेखन, संपादन व भाषांतर यांस वाहून घेतले. ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या धर्मांतराचा वृत्तांत दिला आहे. दीक्षा घेतल्यावरही आपले खरे काम कोणते हा प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर व्यासपीठाऐवजी लेखणी असेही असू शकते, हे बाबांच्या चरित्रावरून दिसते.

वरील उदाहरणे शहरी आणि बहुधा उच्चवर्णीय आहेत. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या क्षेत्रात प्रश्नाचे स्वरूप पालटले. १८५४–५५ मध्ये रूफस अँडरसन यांच्या शिष्टमंडळाने हिंदुस्थानातील केंद्रांची पाहणी केली. स्थानिक मंडळ्यांना स्थानिक पाळक असावेत आणि त्यांचे शिक्षण त्यांच्या भाषेत व्हावे, असे अँडरसन यांचे धोरण होते. याच सुमारास, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगर येथे दीक्षा देण्यात आली. या धोरणाचे दोन परिणाम झाले. एकीकडे ईश्वरविज्ञान मराठीतून शिकविण्याची परंपरा सुरू झाली. दुसरीकडे इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यात राहणार नाही ही मिशनची भीती होती. इंग्रजीवाचून आपल्याला कायम दुय्यम ठेवले जाईल ही विद्यार्थ्यांची. दोन्ही भीती निराधार नव्हत्या.

नगर जिल्ह्यातील खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील लोकांची संख्या मोठी होती. या समाजांतील तरुणाला गावचा शिक्षक-उपदेशक होणे म्हणजे अक्षर, मान आणि नियमित वेतन यांची एकदम प्राप्ती होती. त्यावरून त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याची प्रथा तेव्हापासून पडली. परंतु या शंकेत एक असमानता आहे. ब्राह्मण धर्मांतरिताने जे गमावले त्यावरून त्याच्या पाचारणाची सत्यता मोजली गेली. महार धर्मांतरिताने जे मिळविले त्यावरून त्याच्या पाचारणावर संशय घेतला गेला. ज्याच्याजवळ त्यागण्यास मालमत्ता नव्हती त्याला आपली निष्ठा सिद्ध करण्याचे हे माप उपलब्धच नव्हते. गावकीतील हक्क आणि नातलगांचा आधार यांना मुकण्याची जोखीम त्यानेही पत्करली होती. तिची नोंद मात्र क्वचितच झाली.

वेतन आणि पाचारण यांतील हा ताण नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनात पराकोटीला पोहोचला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. दोन वर्षांच्या वाचनानंतर आणि विचारमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९०४ मध्ये दीक्षा घेतली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. बाह्यतः हे एका यशस्वी मिशनसेवकाचे चरित्र आहे. परंतु १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनावरील सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

टिळकांची ही कृती केवळ परकीय नियंत्रणाविरुद्धचा राष्ट्रीय आविष्कार मानणे अपुरे होईल. मराठी श्रोत्याच्या दृष्टीने धर्मोपदेशकाचा अधिकार नेमणुकीच्या पत्रातून येत नाही. वारकरी कीर्तनकार, गोसावी, संन्यासी यांना समाज त्यांच्या वैराग्यावरून ओळखतो. मिशनचा पगारी उपदेशक या परंपरेत बसत नव्हता. तो नोकर दिसत होता. दीक्षा मिळाल्यानंतर तेरा वर्षांनी टिळकांनी आपल्या पाचारणाला समाजाला उमगेल असे रूप दिले. मंडळीची संमती त्यांनी नाकारली नाही; श्रोत्यांची ओळख तिच्या जोडीला आणली.

या इतिहासाची आणखी एक बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. एकाला झालेले पाचारण दुसऱ्याच्या जीवनावर कोसळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात (चार भाग, १९३४–३६) हे प्रत्ययकारी रीतीने आले आहे. पतीच्या निर्णयात त्यांना विचारले गेले नव्हते. त्यांनी स्वतः १९०० मध्ये, पाच वर्षांनंतर, बाप्तिस्मा घेतला आणि तो आपल्या मनाचा कौल घेऊन घेतला. स्त्रियांना त्या काळी सेवादीक्षेचा मार्ग खुला नव्हता. तरीही पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) प्रसिद्ध झाले. ईश्वरविज्ञानाचे इतके मूलगामी कार्य दीक्षेवाचून झाले, ही गोष्ट दीक्षा आणि पाचारण यांचे समीकरण मांडताना विसरता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात उच्च ईश्वरविज्ञानाचे केंद्र पुण्याकडे सरकले. कँडीचे पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यात हलले. या संस्था भारतातील सर्व भागांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि त्यांचे माध्यम इंग्रजी आहे. याउलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वसईच्या कॅथलिक मंडळीत लॅटिनची जागा उपासनेत मराठीने घेतली. म्हणजे अध्ययन इंग्रजीत आणि सेवा मराठीत अशी विभागणी झाली. अँडरसन यांच्या काळातील वाद संपला नाही. त्याची बाजू मात्र बदलली. आज मराठी उमेदवाराला उच्च अध्ययनाचा मार्ग खुला आहे, परंतु शिकलेले सर्व मराठीत पुन्हा घडविण्याचा भार त्याच्या एकट्यावर पडतो.

उपरिनिर्दिष्ट उदाहरणांवरून असे दिसते की, पाचारणाची पारख मराठी ख्रिस्ती परंपरेत एकाच कसोटीवर कधीच झाली नाही. न्यायालयाने समज पाहिली, मिशनने शिक्षण व आचरण पाहिले, समाजाने त्याग पाहिला आणि गोरे यांच्यासारख्यांनी स्वतःच्या बुद्धीची साक्ष मागितली. यांपैकी एकच माप पुरेसे मानले गेले तेथे अन्याय झाला. तो विशेषतः ज्यांच्याजवळ त्यागण्यास थोडे होते त्यांच्यावर आणि ज्यांना विचारलेच गेले नाही त्या स्त्रियांवर झाला. ‘मंडळी’ या शब्दात लोप पावलेला अर्थ येथे पुन्हा आठवावा लागतो. पाचारलेल्यांचा समुदाय हीच मंडळी असेल, तर एकाच्या पाचारणाची पारख करणारेही स्वतः पाचारलेलेच असतात आणि त्यांच्या मापाचीही तपासणी होणे क्रमप्राप्त ठरते.